रटाळ आहे म्हणत रोज पाहणारे

२०२२ च्या दिवाळीत पुण्याहून माझा भाचा मानवतजवळच्या आमच्या गावी आला होता. संध्याकाळी आईने नेहमीप्रमाणे ‘आई कुठे काय करते’ लावली, तेव्हा तो हसून म्हणाला, “आजी, ही अजून संपली नाही?” आईने वाती वळता वळता विचारले, “तू काय बघतोस रे मोबाइलवर रात्र रात्र?” त्याने सांगितले, झोंबींची मालिका. मी मराठीचा मास्तर. ‘झोंबी’ म्हटले की मला आनंद यादव आठवतात. त्याच्या झोंबी म्हणजे मेल्यावर उठून चालणारी माणसे. गेली दहा वर्षे तो ‘द वॉकिंग डेड’ ही अमेरिकन मालिका पाहत होता.

“चांगली हाय का?” आईने विचारले.

“आधी भारी होती. आता नुसती ओढलीय. पण महिन्याभरात शेवट आहे, तो बघायचाच.”

“मंग माझं काय येगळं हाय? आमच्यात बी मेलेली माणसं परत येतात.”

सगळे हसले. मी मात्र त्या प्रश्नाशी अडलो. मालिका उतरणीला लागली हे पाहणाऱ्याला दिसते, तो ते बोलूनही दाखवतो आणि तरी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिथेच बसतो. असे का होते? वर्गात मी अनेक वर्षे याची टिंगल करत आलो होतो. माझे उत्तर ठरलेले होते : लोकांना कळत नाही. ते उत्तर चुकीचे होते, हे मला फार उशिरा कळले.

शेपूट का वाढते?

आधी मालिका लांबते कशामुळे ते पाहू. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका ई टीव्ही मराठीवर २००१ च्या अखेरीस सुरू झाली आणि जानेवारी २०१३ मध्ये संपली. रोहिणी हट्टंगडी यांची आशाताई देशमुख आणि कविता लाड यांची अनुराधा घराघरांत ओळखीच्या झाल्या. भाग झाले तीन हजारांहून अधिक. एका भागात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा मजकूर धरला, तर ही बेरीज अकराशे तासांवर जाते. म्हणजे न झोपता, न उठता सलग ४५ दिवस.

एवढी मोठी गोष्ट कोणत्याही लेखकाकडे नसते. ती वाढवली जाते, कारण नवी मालिका हा जुगार असतो. नवा सेट, नवे कलाकार, नवी जाहिरात आणि प्रेक्षक बसेल याची हमी नाही. जुन्या मालिकेचा सेट उभा असतो, पात्रे लोकांना पाठ असतात आणि जाहिरातदाराला आकडा माहीत असतो. आकडा खाली आला तरी तो नव्या मालिकेच्या संभाव्य आकड्यापेक्षा बरा वाटतो, तोवर पाणी घालणे चालू राहते. मग काही वर्षांची उडी येते, स्मृती जाते, एका पात्राचा चेहरा बदलतो. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ मधला मिहीर २००१ मध्ये मेला, तेव्हा प्रेक्षकांनी एवढा गलका केला की त्याला जिवंत करून परत आणावे लागले. पुढे मिहीरचे काम करणारा नटही दोनदा बदलला आणि मालिका २००८ पर्यंत चालली.

भाच्याच्या मालिकेची गतही वेगळी नव्हती. २०१० मध्ये सुरू झालेली ही मालिका ऑक्टोबर २०१४ मध्ये शिखरावर होती; पाचव्या हंगामाचा पहिला भाग त्याच रात्री सुमारे १ कोटी ७३ लाख लोकांनी पाहिला. नोव्हेंबर २०२२ मधला शेवटचा भाग त्या रात्री पाहणारे उरले होते सुमारे २३ लाख. बाकीचे कोणत्या ना कोणत्या वळणावर उतरून गेले. माझा प्रश्न या उरलेल्यांविषयी आहे.

तीन उत्तरे

अभ्यासकांनी याला तीन तऱ्हेची उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर घातलेल्या खर्चाचे. आर्क्स आणि ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात केलेला एक प्रयोग १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. हंगामाचे तिकीट काढणाऱ्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तशी अचानक सवलत दिली. नाटके तीच होती. तरी हंगामाच्या पहिल्या निम्म्यात पूर्ण पैसे भरलेले लोक अधिक नाटकांना हजर राहिले. गेलेला पैसा परत येणार नसतो, तरी तो वाया गेला असे मनाला म्हणवत नाही. मालिकेत पैशाच्या जागी वर्षे असतात. “एवढं बघितलं, आता शेवट बघू” हे त्याचेच बोल.

दुसरे उत्तर ओळखीचे. १९५६ मध्ये हॉर्टन आणि व्होल यांनी लिहिले, की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचे एकतर्फी नाते जुळते. त्याला आपण ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही. घरातला माणूस चिडखोर झाला म्हणून त्याला कोणी काढून टाकत नाही, तसेच या नात्याचेही होते.

तिसरे उत्तर अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांचे. त्यांच्या १९७० च्या पुस्तकाचा गाभा असा, की एखादी संस्था किंवा माल घसरू लागला की गिऱ्हाइकापुढे दोन वाटा असतात : सोडून जाणे किंवा तक्रार करणे. निष्ठा माणसाला सोडून जाण्यापासून अडवते आणि म्हणून तक्रारीला वाव मिळतो. यातून मला एक गोष्ट उमगली. रोज “रटाळ आहे” म्हणणारा प्रेक्षक बेइमान नसतो. ज्याला देणेघेणे उरले नाही तो तक्रारही करत नाही, तो उठून जातो.

आमच्याकडची गोष्ट

ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण आमच्या गल्लीला ती पुरत नाहीत. त्यासाठी भारनियमनाचे दिवस आठवावे लागतात.

२००५ नंतरची काही वर्षे मराठवाड्यातल्या खेड्यांत लाइट कधी येईल यापेक्षा कधी जाईल याचाच हिशेब चाले. मालिकेच्या वेळी लाइट गेली की गल्ली हळहळायची. एका घरी ट्रॅक्टरची बॅटरी जोडून चौदा इंची कृष्णधवल संच चालवत. विशेष भागाच्या दिवशी त्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. एरवी आठवड्यातले दोन-तीन भाग हुकलेलेच असत.

आता गंमत पाहा. मालिका संथ आहे, तेच ते पुन्हा दाखवतात, एक थप्पड तीनदा आणि तीन बाजूंनी, असे शहरातले समीक्षक म्हणत. माझेही तेच म्हणणे होते. पण जिचे दोन भाग लाइटीने खाल्ले, तिच्यासाठी ही संथ चाल सोयीची होती. परत आल्यावर गोष्ट तिथेच उभी असायची. शिवाय आमच्याकडे मालिका नुसती कोणी पाहत नाही. शेंगा फोडत, गवार निवडत, भाकरी थापत पाहतात. डोळे हातातल्या कामावर आणि कान पडद्याकडे. ज्या मालिकेत सगळे बोलून दाखवतात आणि पुन्हा सांगतात, ती अशा पाहण्याला जुळते.

डोरोथी हॉब्सन या ब्रिटिश संशोधिकेने ‘क्रॉसरोड्स’ या लांबलेल्या, समीक्षकांनी झोडपलेल्या मालिकेवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. त्यासाठी ती प्रेक्षकांच्या घरी जाऊन त्यांच्यासोबत बसली. तिलाही स्वयंपाक आणि मुलांचे जेवण सांभाळत पाहणाऱ्या बायका भेटल्या. मला मात्र माझ्याच आईशेजारी बसायला वीस वर्षे लागली.

न मोजलेली निष्ठा

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ‘चार दिवस सासूचे’ चालू होती त्या सगळ्या काळात टीआरपी मोजणाऱ्या ‘टॅम’ची यंत्रे शहरी घरांत होती. खेड्यातली घरे त्या आकड्यात नव्हतीच. ‘बार्क’ ही नवी यंत्रणा २०१५ मध्ये आली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण आकडे प्रसिद्ध होऊ लागले. तेव्हा जुन्या मालिका पुन्हा दाखवणाऱ्या फुकट वाहिन्या क्रमवारीत वर आल्या आणि जाहिरातवाले चकित झाले. आमच्या गल्लीत कोणी चकित झाले नसते.

म्हणजे अकरा वर्षे आई ज्या मालिकेशी इमान राखून होती, त्या मालिकेच्या हिशेबात आई नव्हतीच. तिने टीव्ही बंद केला असता तरी आकडा हलला नसता. हर्शमनच्या दोन्ही वाटा तिला बंद होत्या. तिच्या जाण्याला किंमत नव्हती आणि तिच्या तक्रारीला पत्ता नव्हता.

मग ती तक्रार गेली कुठे? वर वाहिनीकडे जात नव्हती, तर आडवी जात होती : शेजारणीकडे, जावेकडे, बहिणीकडे.

आजोबांच्या जमिनीच्या वेळी मामांनी दोघी बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवला. आईने सही केली. थोरल्या मावशीने, आईच्या अक्काने, केली नाही. माहेर दुभंगले आणि गंगाखेडची मावशी व आई यांचे बोलणे दोन वर्षे बंद होते. २००६ च्या उन्हाळ्यात ओळीने चार दिवस संध्याकाळची लाइट गेली. पाचव्या दिवशी आईने माझ्या मोबाइलवरून मावशीला फोन लावायला सांगितले. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. म्हणाली, “अक्का, तुमच्याकडं लाइट होती का? काय झालं गं अनुराधाचं?” मावशीने पंधरा मिनिटे सांगितले. जमिनीचा विषय दोघींनी काढला नाही. पुढेही कधी काढला नाही. फोन मात्र रोजचा झाला. एकीने पाहायचे, दुसरीने ऐकायचे आणि दोघींनी मिळून मालिकेला नावे ठेवायची.

सप्ताहात एखाद्या रात्रीचा कीर्तनकार रटाळ निघाला म्हणून गाव सप्ताह सोडत नाही. लोक सप्ताहाला येतात, त्या एका कीर्तनकाराला नव्हे. मालिकेचेही असेच असावे. गोष्ट चांगली असते तोवर लोक गोष्टीसाठी येतात. ती आटली की जे उरतात, ते तिच्याभोवती जमलेल्या माणसांसाठी आणि त्या वेळेसाठी उरतात. भाच्यालाही विचारले. त्याच्या वसतिगृहातले पाच मित्र आता पाच शहरांत आहेत. झोंबींचा नवा भाग आला की ते एकमेकांना फोन करून शिव्या घालत. एरवी फोन करायला निमित्त नसे.

यामुळे वाईट मालिका चांगली ठरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. ज्यांच्या हाती लेखणी आणि पैसा होता त्यांनी या बायकांच्या अकराशे तासांना अधिक चांगले काही द्यायला हवे होते. प्रेक्षक सोडून जात नाही याचा अर्थ त्याला चालते असा काढणे सोयीचे आहे, पण खरे नाही.

मावशी २०२३ मध्ये गेली. पुढच्या वर्षी ‘आई कुठे काय करते’ संध्याकाळची वेळ सोडून दुपारी अडीचला गेली. मालिकेचे दिवस भरल्याची ती खूण होती. आईने जेवणाची वेळ अलीकडे घेतली आणि दुपारची झोप सोडली. मालिकेला नावे ठेवणेही सोडले, कारण ऐकायला पलीकडे कोणी नव्हते. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस शेवटचा भाग झाला, तेव्हा मी मुद्दाम तिच्याजवळ बसलो होतो.

“आवडत नव्हती, तर कामून बघितलीस एवढी?” मी विचारले.

“अक्काची अर्धी राहिली होती,” ती म्हणाली आणि संच बंद करून गवार निवडायला घेतली.

थोड्या वेळाने तिनेच विचारले, “तुला तो शेवट पटला का रे?” मला पटला नव्हता. मी तसे सांगितले. मग आम्ही दोघे जवळजवळ अर्धा तास त्या मालिकेला नावे ठेवत बसलो.