माहेरची माती कुंडीत का रुसते?

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं आळे. रेड्याच्या समाधीचं गाव म्हणून तुम्ही ते ऐकलंच असेल. एकदा हौसेने शेतातली काळी माती पोतंभर पुण्याला आणली, कुंडीत भरली आणि तुळस लावली. महिन्याभरात तुळस वाळली! मैत्रिणींनो, जिवाला लागलंच. पण दोष मातीचा नव्हता, माझा होता.

काळी माती पाणी धरून ठेवते. शेतात गांडुळे तिला भुसभुशीत राखतात. कुंडीत मात्र तिचा गोळा होतो. ओली असताना मुळांना हवा मिळत नाही. वाळली की ती आकसते आणि घातलेले पाणी कडेने निघून जाते.

मग करावे काय? माती, चांगले कुजलेले शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा समभाग घ्यावा. भुशाऐवजी रसवंतीतले उसाचे चिपाडही चालते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी चिपाड वापरूनच गच्चीवर भाज्या पिकवून दाखवल्या. मात्र चिपाड आधी कुजवावे. ताजे घातले तर ते मातीतले नत्र ओढून घेते नि पाने पिवळी पडतात. हे मिश्रण हलके असते, त्यामुळे गॅलरीवर भारही कमी पडतो. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापरी ठेवायला विसरू नका.

पारख सोपी आहे. ओलसर मिश्रण मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोटाने टोकताच फुटला, की जमले!

आता माझी तुळस डवरली आहे. कुंडीत माहेरची माती आहेच, पण तिसरा हिस्साच!