कार्डं गेल्यावर आधी यादी

अमेरिकेतल्या साठी-सत्तरीच्या बेसबॉलवेड्या माणसाला लहानपणी जमवलेल्या खेळाडूंच्या छापील कार्डांबद्दल विचारलं, तर पुष्कळदा एकच उत्तर येतं: आईने टाकून दिली. मुलगा कॉलेजला किंवा सैन्यात गेला, घरात आवराआवर निघाली आणि पलंगाखालचा बुटांचा खोका कचऱ्यात गेला. हे इतक्या घरांत घडलं की जी कार्डं वाचली त्यांना त्यामुळेच भाव आला. छापणाऱ्यांनाही त्यांचं मोल नव्हतं. ‘टॉप्स’ कंपनीने १९५२ च्या मालिकेतली न खपलेली खोकी १९६० मध्ये अटलांटिक समुद्रात नेऊन बुडवली. त्याच मालिकेतलं मिकी मँटल या खेळाडूचं एक उत्तम राखलेलं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं.

आता कार्डं कोणी टाकून देत नाही, पण ती जातात. घराला आग लागते, तळघरात पुराचं पाणी शिरतं, कार्डांच्या प्रदर्शनाहून परतताना जेवायला थांबलेल्या गाडीची काच फुटते. तीस-चाळीस वर्षांचा संग्रह एका रात्रीत गेलेल्या माणसाला ‘कागदाचे तुकडेच होते ना’ असं म्हणणं निर्दयपणाचं आहे. वडिलांनी पहिलं पाकीट कुठल्या दुकानातून घेऊन दिलं, हे त्याला एकेका कार्डावरून सांगता येत असतं. तरीही मुरलेले संग्राहक अशा वेळी काय करतात त्याला एक क्रम आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

कार्डं भिजली असतील तरच घाई. बाकीच्या सगळ्या कामांना एक दिवस उशीर चालतो, ओल्या कागदाला चालत नाही. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. त्यातही जुनी आणि नवी कार्डं वेगळी वागतात. पन्नास-साठच्या दशकांतली कार्डं साध्या, चकाकी नसलेल्या पुठ्ठ्याची. ती फुगतात, कोपऱ्यांशी पदर सुटतात, डाग पडतात, पण सुटी सुटी वाळतात. १९८९ मध्ये ‘अप्पर डेक’ कंपनीने गुळगुळीत, चकचकीत कार्डं बाजारात आणली आणि पुढे सगळा धंदाच त्या वाटेने गेला. अशा कार्डांवरचा लेप ओला झाला की चिकट होतो, आणि गठ्ठा तसाच वाळला तर शंभर कार्डांची मिळून एक वीट होते. ती वीट सुरीने सोडवू पाहिलं की एका खेळाडूचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला चिकटून येतो. म्हणून अशी कार्डं ओली आहेत तोवरच सुटी करायची. घट्ट बसली असतील तर स्वच्छ थंड पाण्यात ठेवून आपोआप सैल होऊ द्यायची.

प्लास्टिकच्या पाकिटांतून काढलेलं एकेक कार्ड कोऱ्या टिपकागदावर आडवं ठेवतात. छापील वर्तमानपत्र नको, शाई उठते. खोलीत पंखा चालतो, पण वारा थेट कार्डांवर येत नाही. ऊन नाही, केस वाळवायचं यंत्र तर नाहीच, कारण झटकन वाळलेला पुठ्ठा वाकतो. दोन दिवसांत उरकणार नाही इतका माल असेल तर उरलेला पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये. ग्रंथालयांचे कागदतज्ज्ञही भिजलेल्या पुस्तकांचं हेच करतात: गोठलं की बुरशी थांबते आणि काम सवडीने करता येतं. आगीची गोष्ट निराळी. खोक्यात दाबून भरलेली कार्डं बऱ्याचदा फक्त कडांना करपतात, कारण गच्च कागदात हवा शिरत नाही. त्यांच्यावरची काजळी ओल्या फडक्याने पुसली की कायमची मुरते. ती कोरड्या रबरी स्पंजने टिपतात.

एक मोह मात्र टाळावा लागतो: दुरुस्तीचा. कडा कापून सरळ करणं किंवा उडालेला रंग भरणं, यातलं काही केलं की तपासणाऱ्या कंपन्यांच्या लेखी ते कार्ड ‘फेरफार केलेलं’ ठरतं. या कंपन्यांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ‘पीएसए’ ही त्यांतली सर्वांत मोठी, १९९१ पासूनची. कार्ड खरं आहे का हे पाहून ती कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मध्यावर आहे की नाही यावरून १ ते १० श्रेणी देते आणि कार्ड टणक प्लास्टिकच्या डबीत बंद करते. डबीच्या पट्टीवर दाखला क्रमांक असतो. फेरफार केलेल्या कार्डाला आकडा मिळत नाही. डागाळलेलं पण मूळचं कार्ड खालच्या श्रेणीत का होईना, बसतं. आणि ही डबी जलरोधक नसते. आत पाणी दिसलं तर आधी पट्टीचा फोटो, मगच पुढचा निर्णय.

जळकं, भिजकं, कुजकं, काहीही असो, विम्याचा माणूस पाहून जाईपर्यंत एकही तुकडा टाकायचा नाही.

यानंतरचं खरं काम म्हणजे यादी. ज्याने संग्रहाची वही किंवा संगणकावरचा तक्ता ठेवला होता आणि त्याची प्रत घराबाहेर होती, त्याचं निम्मं काम झालेलं असतं. बाकीच्यांना ती आठवणीतून आणि कागदांतून उभी करावी लागते. संकेतस्थळांवरच्या खरेदीचा इतिहास, बँकेचे उतारे, तपासणीला पाठवलेल्या कार्डांच्या पावत्या, ज्यांच्याशी अदलाबदल केली त्या मित्रांचे जुने निरोप, मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोत मागे दिसणारं कपाट. लिलावगृहंही इथे कामी येतात. डॅलसचं ‘हेरिटेज’ जुन्या लिलावांची छायाचित्रं आणि भाव जपून ठेवतं, तेव्हा तिथून घेतलेलं कार्ड आजही तिथे पाहायला मिळतं.

यादीत काय लिहायचं? समजा, ‘हँक आरोन, जुनं कार्ड’ असं लिहिलं, तर त्यातून काहीच कळत नाही. ‘टॉप्स, १९५६, क्रमांक ३१’ लिहिलं की जगातल्या कुठल्याही संग्राहकाला ते आडवं, नेहमीपेक्षा किंचित मोठं कार्ड दिसतं: एका बाजूला आरोनचा हसरा चेहरा आणि शेजारी मैदानावर घसरत येणारा खेळाडू, जो प्रत्यक्षात आरोन नसून विली मेज आहे. एवढ्यानेही भागत नाही. त्या मालिकेतल्या पहिल्या १८० कार्डांची पाठ काहींची करडी, काहींची पांढरी. म्हणजे पाठीचा रंगही हवा. मग श्रेणी, दाखला क्रमांक, कोणत्या कोपऱ्याला घडी, कधी आणि केवढ्याला घेतलं. अशी एक ओळ म्हणजे कार्डाचा पत्ता.

या पत्त्यांची पद्धत जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने रुजवली. अमेरिकेत तोवर निघालेल्या कार्डांची त्याने वर्गवारी केली. तंबाखूच्या पाकिटांतून विसाव्या शतकात आलेल्या कार्डांना ‘टी’ हे अक्षर दिलं, आणि म्हणूनच होनस वॅग्नरच्या सुप्रसिद्ध कार्डाची मालिका आजही ‘टी२०६’ म्हणून ओळखली जाते. आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन, संधिवाताने आखडलेल्या बोटांनी तो वर्षानुवर्षं तिथे बसून कार्डं वह्यांत लावत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये काम पुरं झालं आणि मार्चमध्ये तो वारला. त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. पैशासाठी त्याने काहीच केलं नाही, पण कार्ड हरवलेल्या प्रत्येक माणसाला आज त्याचीच भाषा उपयोगी पडते.

चोरी झाली असेल तर ती यादी प्रथम पोलिसांकडे जाते. अमेरिकेत चोरीच्या वस्तूंची देशभरची नोंद एफबीआय ठेवते, पण तिथे वस्तू चढवायला तिच्यावर स्वतंत्र क्रमांक लागतो. डबीबंद कार्डाला तो असतो, सुट्या कार्डाला नसतो. चोरालाही हे ठाऊक असतं, त्यामुळे डबी फोडली जाते. तरी आशा संपत नाही. दोन कार्डं हुबेहूब सारखी नसतात. छपाईतला ठिपका, चित्राची किंचित तिरकी कड, कोपऱ्याची घडी, पुठ्ठ्यातला एखादा धागा: बारकाईने काढलेला जुना फोटो असेल तर ओळख पटते. २०१९ मध्ये संग्राहकांनीच जुन्या लिलावांतली छायाचित्रं नव्या कार्डांशी ताडून पाहिली आणि कडा कापून वरची श्रेणी मिळवलेली कितीतरी कार्डं उघडी पाडली. हरवलेलं कार्ड शोधायची रीतही तीच.

म्हणून पोलिसांच्या पाठोपाठ गावातली कार्डांची दुकानं, गहाणवटीची दुकानं, प्रदर्शनांचे आयोजक आणि लिलावगृहं यांना फोटोंसह यादी जाते, आणि विक्रीच्या संकेतस्थळांवर त्या त्या कार्डासाठी कायमची सूचना लावून ठेवतात. हे कंटाळवाणं काम वर्षानुवर्षं करावं लागतं. पण कायदा मालकाच्या बाजूचा आहे. चोराकडे मालकी नसते, तेव्हा त्याच्याकडून अजाणता घेणाऱ्यालाही ती मिळत नाही. दाव्याची मुदत राज्याराज्यांत वेगळी मोजतात. न्यूयॉर्कमध्ये मालकाने वस्तू मागितली आणि धारकाने नाकारली, तिथपासून घड्याळ सुरू होतं. काही राज्यांत वस्तू कुठे आहे हे मालकाला कळलं किंवा कळायला हवं होतं तिथपासून. अशा ठिकाणी आपण शोधत होतो याचा तारीखवार पुरावा फार मोलाचा ठरतो.

विम्याच्या टेबलाशी बहुतेकांना दुसरा धक्का बसतो. घराचा विमा आहे म्हणजे कार्डांचाही आहे, हा समज सरसकट आढळतो. प्रत्यक्षात घरविम्याच्या अनेक करारांत संग्रहवस्तूंना तुटपुंजी मर्यादा असते, आणि अमेरिकेत पुराचं नुकसान साध्या घरविम्यात येतच नाही. त्यासाठी पूरविमा, बहुतेकदा सरकारी, वेगळा घ्यावा लागतो. सरकारी विम्याच्या अटींत तर खेळाडूंच्या कार्डांचा नावानिशी उल्लेख आहे: कलाकृती, दागिने, संग्रहवस्तू अशा सगळ्या मिळून जास्तीत जास्त २,५०० डॉलर. तळघरातल्या बहुतेक सामानाला तेवढंही नाही, आणि अमेरिकन घरात कार्डांची कपाटं नेमकी तळघरातच असतात. दाव्याचं शपथपत्रही नुकसान झाल्यापासून ६० दिवसांत द्यावं लागतं. म्हणून जाणते संग्राहक संग्रहवस्तूंसाठीच असलेला स्वतंत्र विमा घेतात किंवा घरविम्याला महागड्या कार्डांची यादी जोडतात.

किंमत ठरवताना विक्रेत्याने मागितलेला भाव कोणी धरत नाही. त्याच श्रेणीचं तेच कार्ड अलीकडे प्रत्यक्षात केवढ्याला गेलं, हे पाहतात. इथे यादीत श्रेणी लिहिलेली नसेल तर वाद होतो, आणि तो बहुधा विमेदारच हरतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. भरपाई घेतल्यावर चोरीची कार्डं सापडली, तर ती साधारणपणे विमा कंपनीची होतात. कंपनीशी बोलून, घेतलेली रक्कम परत करून ती सोडवून घेता येतात, पण हे आधीच विचारून लिहून घेतलेलं बरं.

कराचं थोडक्यात. १९८० मध्ये पाच डॉलरला घेतलेल्या कार्डाची भरपाई पाच हजार आली, तर अमेरिकी करखात्याच्या दृष्टीने तो नफा आहे. मात्र त्या पैशांतून तशाच वस्तू साधारण दोन वर्षांत पुन्हा घेतल्या तर कर पुढे ढकलता येतो. उलट विमा नसेल तर वजावट खरेदीच्या किमतीपलीकडे मिळत नाही, आणि तीही जाहीर झालेल्या आपत्तीपुरतीच. तिथे चाळीस वर्षांपूर्वीची पावती लागते.

आपल्याकडे कुस्तीवीरांची ट्रम्प कार्डं किंवा आयपीएलची ‘क्रिकेट अटॅक्स’ जमवलेली मुलं आता मोठी झाली आहेत. त्या कार्डांना अजून लाखांचे भाव नाहीत, पण ज्यांच्या घरी जुनी तिकिटं, नाणी, खेळाडूंच्या सह्या आहेत त्यांनी घरविम्याचा करार एकदा काढून वाचावा. २०२१ पासून सर्व कंपन्या देतात त्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात मौल्यवान वस्तूंचं संरक्षण आपोआप येत नाही. ते वेगळं मागून, किंमत आधी ठरवून घ्यावं लागतं.

राहिला प्रश्न पुन्हा जमवण्याचा. काही जण थांबतात, वाचलेलं विकून टाकतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. जे पुन्हा सुरुवात करतात ते सहसा सगळा संग्रह परत उभा करत नाहीत. भरपाईचे पैसे हातात येताच घाईने खरेदी करणाऱ्यांना चढे भाव मोजावे लागतात, कारण विकणाऱ्याला गरज लगेच कळते. अनुभवी माणूस आधी जुनी यादी समोर घेऊन बसतो आणि कशावाचून चुकल्यासारखं वाटत नाही त्यावर काट मारतो. पुष्कळ कार्डं अशीच, स्वस्त मिळाली म्हणून आलेली असतात. उरलेल्यांची छोटी यादी घेऊन तो प्रदर्शनं धुंडाळतो. अमेरिकेत १९८० पासून भरत आलेलं संग्राहकांचं राष्ट्रीय संमेलन त्यातलं सर्वांत मोठं. तिथे माणूस मेजामेजांवरून क्रमांक विचारत दिवसभर हिंडू शकतो.

श्रेणीच्या बाबतीतही मन बदलतं. वरच्या श्रेणीच्या एका कार्डाच्या पैशांत तेच कार्ड खालच्या श्रेणीत कितीतरी मिळतात. १९५६ ची ३४० कार्डांची मालिका कोपरे झिजलेल्या, मध्ये एखादी घडी पडलेल्या कार्डांत पुरी करणारे अनेक जण आहेत, आणि मला ती निवड पटते. लहानपणी हातात खेळवलेली कार्डं तशीच दिसत होती. फरक एवढाच की आता प्रत्येक कार्ड पाकिटात जाण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटोत उतरतं, आणि यादीची एक प्रत दुसऱ्या शहरात राहणाऱ्या बहिणीकडे जाते.