कडुनिंबाचे पान, मिठाची बॅटरी

भीमा आणि सीना या नद्यांच्या मध्ये पसरलेला अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुका पर्जन्यछायेत येतो. रायगडचे पावसाळी कर्जत वेगळे. इथे ढग येतात, गडगडतात आणि पुष्कळदा तसेच पुढे निघून जातात. रेहेकुरीच्या माळावर काळविटांचे कळप खुरट्या गवतावर गुजराण करतात. पावसाने हात आखडता घेतलेल्या या भूमीला सूर्याने मात्र भरभरून दिले आहे. तरीही इथल्या शेतकऱ्याच्या कितीतरी रात्री विजेरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीने पाऊल जपून टाकत, उसाला नाहीतर लिंबोणीला दारं धरण्यात गेल्या. कारण शेतीच्या थ्री फेज विजेला पाळी होती: एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची.

या कोड्याचे अर्धे उत्तर याच जिल्ह्यात सापडले. २०१७ साली पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीपासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात झाली. गावच्या वीज उपकेंद्राजवळ सौर पॅनेल उभारायची आणि त्या विजेवर दिवसा पंप चालवायचे, अशी ती साधी, सरळ कल्पना. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगावला सुरू झाला. दिवसाचे पाणी मार्गी लागू लागले. पण सूर्य मावळला की पॅनेल निःशब्द होतात, आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांतले दिवे लागतात, दूध संकलन केंद्रात संध्याकाळचे दूध थंड करायचे असते, मुलांचा अभ्यास असतो. दुपारी सांडून जाणारे ऊन संध्याकाळसाठी राखून ठेवायचे कसे? उरलेले अर्धे उत्तर या प्रश्नात दडलेले होते. त्याचा शोध पन्नास वर्षे आणि तीन खंड ओलांडून पुण्यापर्यंत पोहोचला.

१९७३ मध्ये तेलसंकटाने जग हादरले. अमेरिकेतील एक्सॉन या तेल कंपनीलाच तेलानंतरच्या काळाची चिंता पडली. तिने नेमलेल्या संशोधकांत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम हा तरुण ब्रिटिश रसायनतज्ज्ञ होता. टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन अलगद शिरतात आणि अलगद बाहेर येतात, हे त्याने हेरले. थरांची मोडतोड न करता ये-जा करणारा आयन म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी! पण दुसऱ्या टोकाला शुद्ध लिथियम धातू होता, आणि तो भलताच तापट निघाला. वारंवार भरताना त्यावर धातूच्या सुया उगवत, त्या पलीकडच्या टोकाला भिडत आणि बॅटरी पेट घेई. प्रयोगशाळेत अग्निशमन दल इतक्या वेळा धावून आले की, लिथियमची आग विझवण्याच्या खास रसायनांचे पैसे भरा, असे त्यांनी अखेर बजावले. पुढे तेल स्वस्त झाले आणि एक्सॉनने हे काम गुंडाळले.

धागा तुटला नाही. १९८० मध्ये ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी कोइची मिझुशिमा यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून चार व्होल्टपर्यंत मजल मारली. विद्यापीठाला त्याचे पेटंट घेण्याइतकेही महत्त्व वाटले नाही. जपानमध्ये मात्र आसाही कासेई कंपनीतील अकिरा योशिनो यांना त्याचे मोल कळले. त्यांनी घातक लिथियम धातू काढून टाकला आणि त्या जागी पेट्रोलियम कोक हा कार्बन बसवला. मग आली परीक्षेची घटका. मोकळ्या जागेत बॅटरी ठेवून तिच्यावर जड लोखंडी ठोकळा सोडण्यात आला. बॅटरी चेपली, पण भडकली नाही. हाच लिथियम-आयन बॅटरीच्या जन्माचा क्षण, असे योशिनो पुढे म्हणत. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली आणि २०१९ मध्ये या तिघांना, व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना, नोबेल मिळाले.

या विजययात्रेत एक धाकटा सोबती मागे पडला होता: सोडियम. मिठात असलेला, समुद्रात अथांग भरलेला, कुणा एका देशाच्या मुठीत नसलेला हा धातू. १९८० च्या सुमारास फ्रान्समधील बोर्दो येथे क्लॉड देल्मास यांनी सोडियमच्या थरदार ऑक्साइडांवर पायाभूत काम केले होते. बॅटरीचे एक टोक तयार होते. दुसऱ्या टोकाला मात्र भिंत उभी राहिली. लिथियम ज्या ग्राफाइटमध्ये सुखाने मुक्काम करतो, त्यात सोडियम शिरायलाच तयार नाही! आयन आकाराने मोठा म्हणून, असे सांगून सुटका करून घेण्याचीही सोय नव्हती, कारण त्याहून थोराड पोटॅशियम त्याच ग्राफाइटमध्ये शिरतो. सोडियमची नाराजी विचित्र आणि पक्की होती. शिवाय त्याचा अणू लिथियमच्या तिपटीहून जड. खिशातल्या फोनसाठी जगाला हलकी बॅटरी हवी होती. सोडियमच्या फायली कपाटात गेल्या.

त्या उघडल्या कॅनडात, हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात. जेफ डॅन हे लिथियम बॅटरीतले नाणावलेले संशोधक, आणि डेव्हिड स्टीव्हन्स त्यांचा विद्यार्थी. त्यांनी ग्राफाइटचा शिस्तबद्ध कार्बन बाजूला सारला आणि बेशिस्त कार्बन घेतला. तो त्यांनी ग्लुकोजपासून, म्हणजे साखरेच्या कुळातल्याच पदार्थापासून, कोळसा करून मिळवला. या ‘हार्ड कार्बन’मध्ये थर एकावर एक नीट रचलेले नसतात. पत्त्यांचा बंगला कोसळून पाने वेडीवाकडी पडावीत, तसे ते असतात, आणि त्यांच्या सांदीकोपऱ्यांत सूक्ष्म पोकळ्या राहतात. ग्राफाइटचा सुबक वाडा नाकारणारा सोडियम या पडक्या बंगल्यात मुकाट्याने शिरला. नुसता शिरला नाही, तर भरपूर मावला: दर ग्रॅमला सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास. लिथियमची ग्राफाइटमधली कमाल मर्यादा ३७२ आहे. वीस वर्षे अडून बसलेली भिंत २००० साली साखरेच्या कोळशाने पाडली. ज्या अहिल्यानगर जिल्ह्याने प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला, तिथल्या वाचकाला हे वाचताना विशेष वाटल्यावाचून राहणार नाही.

आता पुणे. रवी पंडित हे मूळचे चार्टर्ड अकाउंटंट. अमेरिकेतील एमआयटीत शिकून परतलेल्या या माणसाने १९९० मध्ये किशोर पाटील यांच्या साथीने केपीआयटी ही सॉफ्टवेअर कंपनी उभी केली आणि पुढे तिला मोटारींच्या तंत्रज्ञानाकडे वळवले. सॉफ्टवेअरवाल्याने संगणकाबाहेर पडू नये, हा संकेत त्यांनी मानला नाही. २०१० मध्ये केपीआयटीने भारत फोर्जच्या भागीदारीत ‘रेव्होलो’ जाहीर केले. रस्त्यावर धावणाऱ्या पेट्रोलच्या मोटारीलाच बॅटरी आणि विजेची मोटर जोडून तिला हायब्रिड करणारा हा संच. कल्पना काळाच्या पुढे होती आणि तिथेच ती अडली. जुन्या गाडीत असा बदल करण्यासाठी लागणाऱ्या नियमांची चौकट देशात तयार नव्हती. वर्षे गेली, रेव्होलो बाजारात रुजला नाही.

पंडितांनी त्या अपयशातून मोटर, नियंत्रण आणि बॅटरीचे ज्ञान तेवढे वेचून घेतले आणि ते बसकडे वळवले. डिसेंबर २०१५ मध्ये खासदारांसाठी विजेवर चालणाऱ्या बस संसदेच्या आवारात दाखल झाल्या, त्यांचे तंत्रज्ञान केपीआयटीचे होते. पण बस जितकी यशस्वी, तितकी एक बोच तीव्र. तिचा प्राण असलेले लिथियम सेल त्या काळी जवळपास सगळे परदेशातून येत. तेलाचे परावलंबन सोडून लिथियमचे ओढवून घ्यायचे, यात कसली आली मुक्ती? रघुनाथ माशेलकर यांच्यासोबत ‘लीपफ्रॉगिंग टु पोल-व्हॉल्टिंग’ हे पुस्तक लिहिणारे पंडित मोठी उडी घ्यायला बिचकणारे नव्हते. देशात मुबलक असलेल्या पदार्थांची बॅटरी हवी, या हट्टाने कंपनी सोडियमपाशी येऊन थांबली.

याच शहरात, पाषाण रस्त्यावर, एक वेगळी धडपड चालू होती. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, भौतिकशास्त्रज्ञ सतीशचंद्र ओगले यांचा गट सुपरकपॅसिटरसाठी कार्बन शोधत होता. क्षणात विद्युतभार साठवून क्षणात परत देणारे हे उपकरण. त्यासाठी कार्बन अतिशय सच्छिद्र लागतो, आणि छिद्रे पाडण्यासाठी एरवी तीव्र रसायने वापरून दुसरी खर्चिक प्रक्रिया करावी लागते. ओगले, मंदाकिनी बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाची गळलेली, वाळलेली पाने घेतली. ती दळून पूड केली आणि हवा वगळलेल्या भट्टीत एकदाच तापवली. बाहेरचे कुठलेही रसायन मिसळले नाही.

भट्टीतून निघालेली काळी भुकटी मोजली, तेव्हा एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ भरले सुमारे १२३० चौरस मीटर. आपल्या हिशेबाने बारा गुंठे रान, एका चिमटीत! छिद्रे पाडली होती ती पानानेच. पानातली मऊ सेंद्रिय द्रव्ये आणि त्यात मुरलेले धातूंचे अंश तापताना स्वतःच हे कोरीव काम करत होते. गटाने हिरवी पाने तापवून पाहिली, वाळलेली पण न दळलेलीही तापवून पाहिली, अशोकाची पानेही घेतली. दरवेळी कार्बनचा स्वभाव बदलला. जसे पान, तसा कोळसा. २०१३ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. कर्जतच्या बांधाबांधावर चैत्राच्या तोंडाला ज्यांचा खच पडतो आणि ज्यांना कुणी वाकून पाहत नाही, त्या पानांत हे दडले होते. या सगळ्या कथेतला हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पानांचा तो कार्बन सुपरकपॅसिटरसाठी होता. सोडियमची बॅटरी ही त्यापुढची, अधिक खडतर चढण. पुढे ओगले शेजारच्याच ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेत गेले, आणि केपीआयटीने सोडियमच्या कामासाठी आयसर पुणेशीच हात मिळवला. उद्योगाची निकड आणि प्रयोगशाळेचा संयम एका टेबलावर आले.

सोडियमवर काम करणाऱ्या प्रत्येक गटाला जे भोगावे लागते, ते सोपे नाही. दमट हवा लागली की सोडियमची थरदार ऑक्साइडे बिघडतात, म्हणून अरगॉन वायूने भरलेल्या बंद पेटीत, जाड रबरी हातमोज्यांतून हात घालून सेल जुळवावे लागतात. पहिल्यांदा बॅटरी भरली की सोडियमचा एक हिस्सा कार्बनवर पातळ पापुद्रा बनवण्यात कायमचा खर्ची पडतो आणि क्षमता तिथेच घटते. नाण्याएवढ्या सेलमध्ये जमलेले मोठ्या सेलमध्ये फसते. त्यात प्रत्येक बदलाचा निकाल कळायला महिने लागतात, कारण सेल शेकडो, हजारो वेळा भरून रिकामा केल्याशिवाय तो टिकतो की नाही, हे कळत नाही. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे.

जवळपास दशकभराच्या या तपश्चर्येनंतर डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात केपीआयटीने आपले सोडियम-आयन बॅटरी तंत्रज्ञान जगापुढे ठेवले. एका किलोत १०० ते १७० वॅट-तास ऊर्जा, आणि ३००० ते ६००० वेळा भरल्यानंतरही ८० टक्के क्षमता शाबूत, असे कंपनीने जाहीर केले. वजनात सोडियम अजूनही उत्तम लिथियम बॅटरीच्या मागे आहे. पण उपकेंद्राच्या आवारात फरशीवर ठेवलेली बॅटरी कुणाला खिशात घालायची असते? ज्या उणिवेने सोडियमला फोनमधून हाकलले, ती सौर विजेच्या साठवणीत गौण ठरते. तिथे किंमत, आयुष्य आणि उन्हाळा सोसण्याची ताकद मोलाची, आणि सोडियम उष्णता व थंडी दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. त्याच्या बॅटरीत दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमचा पत्रा चालतो, लिथियमसारखे एका बाजूला महाग तांबे लागत नाही.

नियतीने मात्र मुहूर्त कठीण निवडला होता. २०२२ च्या अखेरीस आकाशाला भिडलेला लिथियमचा भाव २०२३ सरताना कोसळला होता. सोडियम स्वस्त पडेल, या आशेचा आधारच डळमळला. कुणी माघार घेतली असती तर आश्चर्य नव्हते. पण भाव चढतात आणि पडतात, खनिज ज्याच्या भूमीत नाही त्याचे परावलंबन मात्र तसेच राहते, हे पंडितांचे मूळ गणित बदलले नव्हते. केपीआयटीने कारखानदारीसाठी ट्रेंटार एनर्जी सोल्युशन्स या कंपनीशी तंत्रज्ञान हस्तांतराचा करार केला.

जगही थांबलेले नाही. सोडियम बॅटरी बनवणारी इंग्लंडमधील फॅरेडियन ही कंपनी रिलायन्सने विकत घेतली. चीनने २०२४ मध्ये हुबेई प्रांतात वीजजाळ्याला जोडलेले १०० मेगावॅट-तासांचे सोडियम बॅटरी केंद्र चालू केले. सोडियम प्रयोगशाळेच्या काचेआड राहण्याचे दिवस संपले आहेत.

आता पाहायचे आहे ते कारखान्यातून निघणारा सेल प्रयोगशाळेतल्या सेलइतका टिकतो का, हे. सौर प्रकल्पाशेजारी ठेवलेली बॅटरी रोज दुपारी एकदा भरेल आणि रात्री एकदा रिकामी होईल. या हिशेबाने ३००० चक्रे म्हणजे आठ वर्षे, आणि ६००० म्हणजे सोळा.