‘क्लोज’, ‘बंद’ आणि ‘बंधू’

दुकानाच्या दारावरची ‘क्लोज्ड’ ही पाटी इंग्रजी न शिकलेल्या माणसालाही कळते. परंतु हाच ‘क्लोज’ शब्द जिवलग मित्राविषयी योजलेला आढळला की नवशिका विद्यार्थी गोंधळतो. उच्चारात किंचित भेद आहे. क्रियापदाच्या अखेरीस ‘झ’, विशेषणाच्या अखेरीस ‘स’. तथापि शब्द मुळात एकच. मिटणे आणि निकट असणे हे दोन अर्थ त्याच्या ठिकाणी एकत्र कसे आले?

लॅटिन भाषेतील ‘क्लाउदेरे’ म्हणजे बंद करणे. त्यापासून हा शब्द जुन्या फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये किल्लीला ‘क्लाविस’ आणि खिळ्याला ‘क्लावुस’ म्हणत. ही सारी एकाच कुळातील मंडळी. दार अडकविण्याची खुंटी ही त्यांमागील मूळ कल्पना होय. जे बंदिस्त झाले, त्यात मोकळे अंतर उरत नाही. म्हणून बंदिस्त ते निकट, असा अर्थविस्तार झाला. इंग्रजीचा घरचा शब्द ‘शट’. त्याच्या प्राचीन रूपाचा अर्थ अडसर सरकविणे असा होता.

आपल्या सीमाभागातही हीच खुंटी दिसते. मराठीत ‘किल्ली’ म्हणजे कुलूप उघडण्याचे साधन. कन्नडमध्ये ‘कीलि’ म्हणजे प्रत्यक्ष कुलूप, आणि किल्लीला ‘कीलिकै’ म्हणतात. संस्कृतात ‘कील’ म्हणजे खुंटी किंवा खिळा. आपला ‘कुलूप’ मात्र अरबी ‘कुफ्ल’वरून आला. आपण ‘दार लाव’ म्हणतो, तर कन्नड शेजारी ‘बागिलु हाकु’, म्हणजे शब्दशः ‘दार घाल’ म्हणतो.

‘बंद’ हा शब्द फारसीतून आला असला तरी परका नव्हे. फारसी ‘बंद’ आणि संस्कृत ‘बन्ध्’ ही एकाच प्राचीन धातूची अपत्ये, आणि इंग्रजी ‘बाइंड’ व ‘बॉण्ड’ हीही त्याच घराण्यातील. शेताचा बांध, ओढ्यावरचा बंधारा, पायातील बंधन ही त्याची मराठी गणगोत. ‘बंदोबस्त’ या शब्दातील ‘बंद’ आणि ‘बस्त’ ही दोन्ही रूपे एकाच फारसी क्रियापदाची आहेत. बाजार मिटून निषेध करण्याला आपल्याकडे ‘हरताळ’ही म्हणतात, ‘हट्ट’ म्हणजे बाजार आणि ‘ताल’ म्हणजे कुलूप, अशी त्याची फोड आहे. आज मात्र सर्वत्र ‘बंद’ रूढ आहे.

या शब्दाचे मोल बेळगाव-निपाणीकरांना निराळे सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून तो दिवस मराठी भाषक काळा दिन म्हणून पाळतात, तर कन्नड भाषक राज्योत्सव म्हणून साजरा करतात. एरवीही कधी एका बाजूची हाक असते, कधी दुसऱ्या. पण दुकानाची फळी लागते तेव्हा दोन्ही भाषांत शब्द एकच असतो, ‘बंद’.

आणि ‘बंधू’ हा शब्दही त्याच ‘बन्ध्’ धातूपासून झाला आहे. बंधू म्हणजे नात्याने बांधलेला. इंग्रजीने ‘मिटलेले’ यातून ‘जवळचे’ हा अर्थ काढला. आपल्याकडे ‘बांधणे’ या एका क्रियेतून बंद आणि बंधू दोघेही जन्मले. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा व्युत्पत्तीने सुटणार नाही, आणि आपला न्याय्य आग्रह सोडण्याचेही कारण नाही. मात्र या शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने ‘बंद’ची हाक देताना वा ऐकताना समोरच्या फळीआडचा कन्नड दुकानदार आपल्या शब्दाचा भागीदार आहे, एवढे स्मरणात ठेवावे.