पेटीच्या फळीवरचा निळा डाग

चाकण-म्हाळुंगे भागातल्या वाहन कारखान्यांत सुटे भाग येतात ते लाकडी पेट्यांतून आणि पॅलेटवरून. त्यातलं पुष्कळसं लाकूड पाइनचं असतं. काही पेट्या परदेशातून मालासोबतच येतात, तर काही न्यूझीलंडहून कांडला बंदरात उतरलेल्या ओंडक्यांच्या फळ्यांपासून इथेच ठोकल्या जातात. या फळ्यांवर कधी कधी करडे-निळे पट्टे दिसतात. लाकूड कुजलं म्हणून अशी फळी बाजूला काढली जाते, किंवा रंग लागला असेल म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. खरं तर तो डाग बुरशीचा असतो, आणि त्या बुरशीला झाडापर्यंत पोचवणारा बहुतेकदा एक भुंगेरा असतो.

पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या पॅलेटवर हिरवी किंवा काळी बुरशी चढते, ती वेगळी. ती वरवरची असते; सुताराने रंधा मारला की निघून जाते. निळा डाग मात्र कितीही रंधा मारला तरी आत उरतोच, कारण ही बुरशी झाड उभं असताना किंवा ओंडका ओला असतानाच गाभ्याबाहेरच्या रसाळ लाकडात शिरलेली असते. तिचे तंतू तपकिरी असतात आणि लाकडातून परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे ते निळे भासतात. लाकडाच्या पेशींमधली साखर आणि पिष्ट यांवर ती जगते, लाकडाचा सांगाडा खात नाही. त्यामुळे अशी फळी वजन पेलायला सहसा कमी पडत नाही.

भुंगेऱ्याची गोष्ट अशी. सालीखाली राहणारे हे कीटक जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे असतात. मादी साल पोखरून आत शिरते, बोगदा खणते आणि त्याच्या कडेने अंडी घालते. तिच्या अंगावर बुरशीचे चिकट बीजाणू असतात. काही जातींत तर ते वाहून नेण्यासाठी शरीरात खास कप्पेच असतात. बुरशी झाडाचा पाणीपुरवठा तोडते, काही ठिकाणी झाडाची विषारी राळ निष्प्रभ करते आणि अळ्यांना खाद्यही पुरवते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात १९९० च्या दशकापासून डोंगरी पाइन भुंगेऱ्याने सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला तडाखा दिला. त्या भुंगेऱ्यासोबत एक नव्हे, अनेक बुरशा असतात. ग्रॉसमॅनिया क्लॅव्हिजेरा थंडीत बरी वाढते आणि ऑफिओस्टोमा मॉन्टियम तुलनेने उबेत. म्हणजे हवामान बदललं की भुंगेऱ्याचा सोबतीही बदलू शकतो. डोळ्यांना मात्र दोघींचा डाग सारखाच दिसतो.

म्हणूनच ओळख पटवणं हे या विषयातलं सगळ्यात कठीण आणि सगळ्यात मोलाचं काम आहे.

प्रयोगशाळेत ते पायरीपायरीने होतं. डागाळलेल्या लाकडाचा बारीक तुकडा निर्जंतुक करून माल्टच्या आगरवर ठेवतात. त्यात सायक्लोहेक्झिमाइड हे प्रतिजैविक घातलं, तर बहुतेक बुरशा थांबतात, पण ऑफिओस्टोमा वाढत राहते. सेराटोसिस्टिस ही दिसायला तिच्यासारखीच बुरशी मात्र या औषधाला टिकत नाही. तिला पकडायची युक्ती वेगळी: संशयित लाकूड गाजराच्या दोन चकत्यांमध्ये दाबून दमट जागी ठेवायचं. काही दिवसांत गाजरावर काळ्या सुरईसारखी, लांब मानेची सूक्ष्म फळं उगवतात आणि मानेच्या टोकाशी बीजाणूंचा चिकट थेंब जमतो. कीटकाच्या अंगाला चिकटण्यासाठी तो थेंब अगदी योग्य उंचीवर असतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहताना कीटक आणि बुरशी यांचं नातं किती जुनं असेल, याची कल्पना येते.

पण नुसत्या आकारावर भागत नाही. बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्था इतक्या वेगळ्या दिसतात, की पूर्वी एकाच जिवाला दोन शास्त्रीय नावं असायची. २०११ साली मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत एका बुरशीला एकच नाव, असा नियम झाला. पुढच्याच वर्षी आयटीएस नावाचा डीएनएचा तुकडा बुरशींच्या ओळखीचा अधिकृत बारकोड ठरला. सेराटोसिस्टिसमध्ये तोही चकवतो; एकाच बुरशीत त्याच्या वेगवेगळ्या प्रती सापडतात. मग इतर जनुकांची साक्ष काढावी लागते.

हे ज्ञान चाकणपासून फार लांब नाही. पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून ती सुरू झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव तिला १९९२ मध्ये मिळालं. देशाचा राष्ट्रीय बुरशी संग्रह इथेच आहे, आणि वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह बुरशीशास्त्रज्ञ आजरेकर यांच्या नावाने ओळखला जातो. अनोळखी बुरशीची तुलना करायची, तर असे जपून ठेवलेले नमुने हाताशी लागतात. त्यांच्याशिवाय डीएनएची अक्षरंही मुकी राहतात.

पाइन महाराष्ट्राचं झाड नाही, मग इथे याची काळजी कशाला, असं कोणी विचारलं तर सांगोला-आटपाडीकडे बोट दाखवावं लागेल. डाळिंबाच्या बागेत एखादी फांदी पिवळी पडते, मग झाडच वाळतं; शेतकरी म्हणतात मर लागली. खोड आडवं कापलं की आत करडे-काळे पट्टे दिसतात. या मर रोगामागे सेराटोसिस्टिस फिम्ब्रियाटा ही बुरशी आहे. १८९० साली अमेरिकेत रताळ्यावर तिचं पहिलं वर्णन झालं होतं. त्याच बागांत खोडाला टाचणीएवढी छिद्रं पाडणारा शॉट होल बोररही असतो. हा भुंगेरा बोगद्यात स्वतःची बुरशी पिकवून खातो आणि ती बुरशी फ्युजेरियम गटातली असते. त्यामुळे छिद्रात सापडलेली बुरशी झाड मारणारी आहे, भुंगेऱ्याचं अन्न आहे, की नुसती आगंतुक, हे ठरवल्याशिवाय फवारणी कशावर करायची तेच कळत नाही. मर रोगाची बुरशी मुळांवाटे आणि मातीतूनही पसरते. म्हणून फक्त भुंगेरा मारून बाग वाचत नाही.

लाकडासोबत कीटकही प्रवास करतात, हा धडा व्यापारानेही घेतला. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये आशियाई लांबशिंग्या भुंगेरा सापडला आणि लाकडी पेट्यांकडे जगाचं लक्ष गेलं. २००२ मध्ये अशा पेट्यांसाठी आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम आला. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं टिकलं पाहिजे, तेव्हा त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि एचटी ही अक्षरं असलेला शिक्का बसतो. साल काढलेली असावी लागते. ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद पट्टी राहिली तर चालते. भट्टीतली उष्णता भुंगेरा मारते, पण निळा डाग तसाच राहतो. तेव्हा शिक्क्याच्या फळीवर डाग दिसला, तर त्यावरून ती फळी नियमबाह्य ठरत नाही.

संशय घ्यायचा तो छिद्रांचा आणि भुशाचा. बोगद्याच्या भिंती काळपट आणि आत भुसा नसेल, तर बुरशी पिकवणारा भुंगेरा झाड ओलं असताना येऊन गेला. पिठासारखा भुसा खच्चून भरलेला असेल, तर तो कोरड्या लाकडातला कीटक. भारतातून बाहेर गेलेल्या पेट्यांमध्ये सिनोझायलॉन वंशातले असे कीटक परदेशी बंदरांवर वारंवार पकडले गेले आहेत. शिक्का असूनही छिद्रातून ताजा भुसा पडत असेल, तर फळी जाळून मोकळं होण्याआधी नमुना घ्यावा. किडा, भुसा आणि डागाळलेलं लाकूड वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवावं आणि पाकिटावर तारीख व पेटीवरच्या शिक्क्याचा क्रमांक लिहावा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि दोन दिवसांत दुसरीच बुरशी माजते. मग जिचा शोध होता, ती तिच्याखाली गाडली जाते.