विचारलं म्हणून विचार येत नाही

‘तसलं काही विचारू नकोस, नसलेलं डोक्यात येईल.’ खचलेल्या माणसाबद्दल घरोघरी हेच बजावलं जातं, आणि सगळ्यात घातक गैरसमज हाच आहे. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही, असं संशोधन सांगतं. उलट, एकट्याने वाहिलेलं बोलता आलं की माणूस थोडा सैलावतो.

ऑस्ट्रेलियात २००० साली बेट्टी किचनर आणि अँथनी जॉर्म या दांपत्याने सर्वसामान्यांसाठी मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण सुरू केलं. अशा प्रशिक्षणांत हा प्रश्न मोठ्याने उच्चारण्याचा सराव करून घेतात. समोरचा म्हणतो, ‘माझं सगळ्यांना ओझंच झालंय.’ आपल्या ओठांवर ‘अरे, असं बोलू नये’ आलेलं असतं. ते गिळायचं आणि विचारायचं, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ मग उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. हे गप्प राहणंच सर्वांत जड जातं.

‘हे डॉक्टरांचं काम, आपण काय करणार?’ असंही म्हटलं जातं. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांना स्थानिक समुपदेशक भेटत. मानसोपचाराची पदवी नसलेली, पण शिकवून तयार केलेली माणसं. २०१७ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या निष्कर्षानुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या रुग्णांतले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, तर ज्यांना हे समुपदेशन नव्हतं, त्यांच्यातले ३९ टक्के.

म्हणजे मन मोठं असलं की पुरे? नाही. ‘शेजारच्याचं बघ, त्याला किती त्रास आहे’ हे मोठ्या मनाची माणसंच म्हणतात, आणि समोरचा कायमचा मिटतो. गोव्यातल्या समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित व्हायच्या, सहकारी त्या ऐकून गुण द्यायचे. माझ्या मते खरं प्रशिक्षण हेच. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र नव्हे.

पोलिसांच्या धाकाने घरं अजूनही गप्प बसतात. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरतात आणि तिला शिक्षा होत नाही.

थेट विचारल्यावर उत्तर ‘हो’ आलं, तर त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध, गोळ्या हाताशी ठेवू नका. डॉक्टरांकडे सोबत जा. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. आत्ताच मोबाइलमध्ये साठवून ठेवा.