लॅपटॉपचे झाकण आणि भिंतीवरील चित्र

प्रोजेक्टरवर पाठ चालू असता लिनक्सच्या लॅपटॉपचे झाकण मिटावे आणि भिंतीवरील चित्रही नाहीसे व्हावे, असा अनुभव शिक्षकबंधूंस येतो. यंत्र बिघडले असे त्यावरून समजू नये. झाकणात बहुधा लहानसा चुंबक व खालच्या भागात त्याची जाणीव घेणारा संवेदक असतो. झाकण मिटल्याची वर्दी मिळताच ‘सिस्टिमडी’चा ‘लॉगइनडी’ हा भाग यंत्रास निद्रित करतो. दुसरा पडदा जोडलेला आहे हे ओळखता आले, तर मात्र तो सहसा या वर्दीकडे दुर्लक्ष करतो. म्हणून प्रथम तार नीट बसवावी व झाकण उघडे ठेवून डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये प्रोजेक्टर दिसतो की नाही ते पाहावे.

तेवढ्याने न भागल्यास ‘ईटीसी’तील ‘सिस्टिमडी’ फोल्डरात असलेली लॉगइनडीची ‘कॉन्फ’ फाइल प्रशासकाच्या अधिकाराने उघडावी. तीत ‘हँडललिडस्विच’ ही ओळ (रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता) असते. तिच्या आरंभीचे चिन्ह काढावे, ‘सस्पेंड’ऐवजी ‘इग्नोर’ लिहावे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. असे केलेले यंत्र झाकण मिटूनही जागेच राहते. ते तसेच पिशवीत घातल्यास तापते, बॅटरीही संपते. शाळा सुटताना ते रीतसर बंद करावे, हे विद्यार्थ्यांसही सांगून ठेवावे.

कांजूरमार्ग स्थानकाजवळच्या पवईतील आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठीतून विनामूल्य उपलब्ध आहेत. फाइल उघडून बदलण्याचा सराव नसलेल्यांनी ते आधी पाहावेत.